चंद्रयान उतरलं तेव्हा मी कुठे नव्हते

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं. विक्रम लँडर चंद्रावर टेकला तेव्हा मी नाशिकच्या पंचवटीत आईच्या घरी दिवाणावर बसले होते. बाहेर श्रावणातली बारीक सर चालू होती. आईने कांदाभजी करायला घेतली होती, पण तळणाच्या आवाजात टीव्ही ऐकू येईना म्हणून शेवटची दोन मिनिटं तिने गॅसच बंद करून टाकला. पडद्यावरची आलेखाची रेघ खाली खाली येत गेली, तिकडे बेंगळुरूत टाळ्या वाजल्या, इकडे बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

हे चित्र मला आजही इतकं लख्ख दिसतं की कोर्टात शपथेवर सांगेन. आणि त्यातला माझा भाग जवळजवळ सगळा खोटा आहे.

फोनमधली जागा संपली म्हणून जुने फोटो पुसायला बसले, तेव्हा हे कळलं. २३ ऑगस्ट २०२३, ६ वाजून ७ मिनिटं अशी वेळ असलेला एक फोटो सापडला. मुंबई नाक्याजवळचं पंक्चरचं दुकान. सोल्युशनच्या डब्याला टेकवून उभा ठेवलेला कुणाचा तरी मोबाइल, त्यावर इस्रोतली हात उंचावलेली माणसं. शेजारी काळपट पाण्याचं घमेलं, त्यात माझ्या स्कूटरची ट्यूब, आणि ट्यूब दाबून धरलेला पंक्चरवाल्याचा हात. बुडबुडे कुठून येतात ते सोडून तो मोबाइलकडे बघतोय. मागचा रस्ता कोरडा ठणठणीत. व्हॉट्सअॅपवर शोधलं तर ५ वाजून ५२ मिनिटांनी आईला पाठवलेला निरोपही निघाला: ‘पंक्चर झालीये. तुम्ही बघा, मला वेळ लागेल.’

पावसाचं तर विचारूच नका. २०२३चा ऑगस्ट हा देशात १९०१पासूनच्या नोंदींतला सगळ्यांत कोरडा ऑगस्ट. पुढे आपल्याच जिल्ह्यात सिन्नर, येवला आणि मालेगाव तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पण माझ्या डोक्यात श्रावण म्हणजे सर आणि सर म्हणजे भजी. पंचांगात निज श्रावण चालू होता, तेवढ्या भांडवलावर माझ्या मेंदूने पाऊस पाडून घेतला.

मग ही आठवण आली कुठून? आता जुळवून बघते तर असं दिसतं. मी रात्री आईकडे पोचले. टीव्हीवर तेच लँडिंग पुन्हा पुन्हा दाखवत होते, ते मी दिवाणावर बसून पाहिलं. भजी उरली होती, ती गार खाल्ली. बाबांनी डोळे पुसल्याचं आईने सांगितलं, गॅस बंद केल्याचंही तिनेच. रात्री पाहिलेलं, आईकडून ऐकलेलं आणि दर श्रावणात असतंच असं वाटलेलं, तिन्ही मिळून एक संध्याकाळ तयार झाली. पंक्चरचं दुकान मात्र त्यातून गळालं.

मानसशास्त्रात अशा आठवणींना ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यांचा बल्ब फाटकन पेटायचा आणि त्या क्षणी समोर जे असेल ते सगळं फिल्मवर उतरायचं: नवरा-नवरी, मागचा मांडव, कडेला नाक खुपसून उभं असलेलं पोरसुद्धा. मोठी बातमी ऐकताना मेंदू असाच फोटो काढतो, अशी ती कल्पना. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७७मध्ये हे नाव दिलं. त्यांनी ८० जणांना केनेडींच्या हत्येसारख्या घटनांबद्दल विचारलं होतं. बातमी कळली तेव्हा कुठे होतात, काय करत होतात, कुणी सांगितलं, पुढे काय केलंत, हे लोक घडाघडा सांगत.

निरीक्षण मुळात जुनंच. १८९९मध्ये कोलग्रोव्ह नावाच्या अभ्यासकाने १७९ जणांना लिंकनच्या हत्येची बातमी कुठे ऐकली ते विचारलं. मध्ये तेहतीस-चौतीस वर्षं गेली होती, तरी १२७ जणांनी बारीकसारीक तपशिलांसह सांगितलं. या दोन्ही अभ्यासांत एकच मेख आहे. लोक सांगतात ते खरं की नाही, हे कुणी ताडून पाहिलंच नव्हतं. ताडणार कशाशी? त्या दिवशीची नोंद हातात हवी ना.

ही नोंद मिळवली मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी. त्यांची स्वतःची एक लख्ख आठवण होती. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा लहानगे नायसर रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होते आणि तो मध्येच थांबवून बातमी सांगितली गेली. कित्येक वर्षं त्यांनी हे बिनदिक्कत धरून ठेवलं. मग एक दिवस लक्षात आलं, अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. म्हणजे कुणी भर आषाढात वानखेडेवर आयपीएल बघत होतो म्हणावं, तसंच. गंमत पुढे आहे. इतरांनी शोधून काढलं की त्या दिवशी रेडिओवर फुटबॉलचा एक सामना खरोखर चालू होता, आणि त्यातल्या एका संघाचं नाव ब्रुकलिन डॉजर्स, म्हणजे प्रसिद्ध बेसबॉल संघाचंच. तेव्हा आठवण साफ खोटी नव्हती. अर्धवट धागा खरा होता, त्यावर मेंदूने ओळखीचं कापड विणलं.

२८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी नायसर आणि निकोल हार्श यांनी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय चाललं होतं. कागद बांधून ठेवले. अडीचेक वर्षांनी त्यातले ४४ जण सापडले आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. दोन्ही उत्तरं किती जुळतात याला सातपैकी गुण दिले. सरासरी तीनच्याही आत आली. ११ जणांना भोपळा. सगळं बरोबर आलेले फक्त तीन. आणि ‘तुमची किती खात्री आहे?’ याला पाचपैकी सरासरी चारच्या वर.

मला यातली एक गोष्ट फार जवळची वाटते. पहिल्या कागदावर ‘बातमी टीव्हीवरून कळली’ असं लिहिणारे थोडेच होते. अडीच वर्षांनी ती संख्या दुपटीवर गेली. वर्गात कुणीतरी येऊन सांगितलं, असं दुसऱ्या दिवशी लिहिणारी मुलगी नंतर सांगते, की आम्ही खोलीत टीव्ही बघत होतो. माझं पंक्चरचं दुकान जाऊन दिवाण आला, तसंच हे. नंतर त्यांना त्यांचंच हस्ताक्षर दाखवलं. वाटलं होतं, कागद बघून जुनी आठवण जागी होईल. कुणाचीही झाली नाही.

आता असं का होतं ते बघू. दिवाळीत आपल्याकडे शेजारपाजारहून फराळाची ताटं येतात. आठवडाभराने डब्यातली चकली खाताना ती खुसखुशीत आहे, तिळाची आहे, हे कळतं. पण ती जोशीकाकूंकडची की वरच्या मजल्यावरची, हे सांगता येत नाही. चव राहते, घर विसरतं. मेंदू मजकूर बऱ्यापैकी सांभाळतो, पण तो मजकूर कुठून आला याची चिठ्ठी फार कच्च्या गोंदाने चिकटवतो. स्वतः पाहिलं, दुसऱ्याने सांगितलं, टीव्हीवर दाखवलं की नुसतं मनात आणलं, या चिठ्ठ्या आधी गळतात. मग मेंदू अंदाजाने नवी लावतो, आणि अंदाज लावलाय हे आपल्याला कळवत नाही.

दुसरं कारण भावनेचं. छाती धडधडत असताना शरीरात अॅड्रेनलिनसारखी रसायनं वाढतात, मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग जागा होतो आणि आठवणी पक्क्या करणाऱ्या शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जोर लावायला सांगतो. घटनेचा गाभा त्यामुळे खरोखरच पक्का होतो. यान उतरलं, आपण नाचलो, हे मी जन्मात विसरणार नाही. पण कडेचे तपशील, जागा, शेजारचा माणूस, आकाशातले ढग, त्यांच्यावर हा जोर चालतोच असं नाही. गाभा झळझळीत असला की त्याचा उजेड कडेवरही पडतो, आणि आपल्याला वाटतं सगळंच तितकं स्पष्ट आहे.

तिसरं कारण सगळ्यांत चमत्कारिक. आठवण काढणं म्हणजे कपाटातून फोटो काढून बघून परत ठेवणं नव्हे. ते शिळी भाजी पुन्हा गॅसवर चढवण्यासारखं आहे. गरम करताना आपण थोडं पाणी घालतो, मीठ बघतो, वाटलं तर वरून फोडणी देतो, आणि जी परत फ्रिजमध्ये जाते ती ही नवी भाजी. २०००मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की पक्की झालेली आठवणसुद्धा जागी केल्यावर काही काळ मऊ पडते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. माणसाच्या बाबतीत हे नेमकं किती लागू पडतं यावर वाद आहेत. पण चंद्रयानाची गोष्ट मी किती जणांना किती वेळा सांगितली असेल याचा हिशोब केला, तर मूळ भाजी कधीच संपली असणार.

हे डोक्यात भिनल्यावर मी आसपासच्या लोकांच्या मागे लागले. थोडं आगाऊपणाचंच होतं ते.

आमच्या शेजारी अण्णा राहतात, ऐंशीच्या पुढचे. १९६९ साली ते जुन्या नाशकात तिवंध्याच्या एका वाड्यात भाड्याने राहत. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं ते आपण वाड्यातल्या टीव्हीवर पाहिलं, असं ते अगदी तल्लीन होऊन सांगतात. चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसलेली, पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळलेली, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ती पांढरी आकृती शिडी उतरते आहे.

हे घडणं शक्य नाही. अपोलो-११ चंद्रावर टेकलं ते आपल्या घड्याळाप्रमाणे २१ जुलै १९६९ला मध्यरात्रीनंतर १ वाजून ४७ मिनिटांनी. पाऊल पडलं सोमवारी सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. तेव्हा अख्ख्या देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि नाशकात टीव्ही यायला त्यानंतरही बराच काळ गेला. परदेशातून उपग्रहामार्गे चित्र घ्यायला लागणारं देशातलं पहिलं व्यापारी भूकेंद्र आपल्याच शेजारी, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला झालं, तेही १९७१मध्ये. म्हणजे त्या सकाळी दिल्लीवाल्यांनाही ते थेट दिसणं कठीण होतं. नाशिककरांना चंद्र कळला तो रेडिओवरून. पाऊल पडलं तेव्हा सकाळचा पेपर छापून, वाटून, कुठे कुठे वाचूनही झाला होता. आणि त्या दिवसांत पेपरांत चंद्राला तगडी स्पर्धा होती: दोनच दिवस आधी, १९ जुलैला, १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं.

अण्णांनी ती शिडी पाहिली आहे यात शंका नाही. बहुधा थिएटरात सिनेमाआधी दाखवत त्या बातमीपटात, आणि पुढे टीव्हीवर शंभर वेळा. चाळीस माणसांची दाटी आणि गजांना लोंबकळणारी पोरंही खरी असावीत, फक्त ती ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या रविवारची. मी हे सगळं अण्णांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “तेव्हा रेडिओ होता का हो वाड्यात?” ते म्हणाले, “होता की. मालकांच्या ओटीवर. सकाळी मोठा करून ठेवायचे.” मग जरा थांबून म्हणाले, “त्या दिवशी दाढी करायची राहिली होती माझी. अर्ध्या गालाला साबण.” हे मात्र त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं. खरं असेल का? मला आवडलं, पण त्याने ते खरं ठरत नाही.

निफाडकडचा मामा अण्णांसारखा मऊ नाही. चंद्रयान-३ उतरलं तेव्हा तो लासलगावच्या मार्केटात होता, कांद्याचा ट्रॅक्टर रांगेत, लिलाव ऐन रंगात आणि तेवढ्यात सगळे व्यापारी एका मोबाइलभोवती गोळा झाले. मामा हे फार छान सांगतो. अडचण एवढीच, की १९ ऑगस्टला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि त्याच्या निषेधात सोमवार २१ तारखेपासून जिल्ह्यातले लिलाव बंद होते. बुधवारी २३ तारखेला ते बंदच होते. मी हे बोलले तर मामा म्हणाला, “कांदा कोण विकतो, तू का मी?” एखादे वेळी तो बंदच्या दिवशीही मार्केटात गेला असेल, माणसं जमलेलीही असतील. डॉजर्सचा सामना होताच ना. लिलाव तेवढा मागाहून आला.

इथे एक छोटी परीक्षा घ्या. १४ डिसेंबर २०१३ला तुम्ही कुठे होतात? त्या दिवशी चीनचं चांग-ई ३ चंद्रावर अलगद उतरलं. १९७६च्या लुना-२४नंतर तब्बल ३७ वर्षांनी चंद्रावर झालेलं ते पहिलं सुखरूप अवतरण. चंद्र तोच, पराक्रम तसाच. पण आपल्यापैकी कुणालाही तो दिवस आठवत नाही, कारण तो आपला नव्हता. ब्राउन आणि कुलिक यांनाही हेच दिसलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची लख्ख आठवण ४० कृष्णवर्णीयांपैकी ३० जणांना होती, ४० गोऱ्यांपैकी अवघ्या १३ जणांना. बातमी किती मोठी यापेक्षा ती किती आपली, यावर दिवा पेटतो की नाही हे ठरतं.

आपल्या बोलण्यात ही सवय जुनीच आहे. पानशेत फुटलं तेव्हा, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, बहात्तरच्या दुष्काळात. नाशकात म्हणतात गंगेला, म्हणजे गोदावरीला, मोठा पूर आला त्या साली. लग्नं, बाळंतपणं, बदल्या या खुंट्यांवर टांगलेल्या असतात. नायसर यांचंही म्हणणं साधारण हेच होतं, की या आठवणी म्हणजे फोटो नव्हेत, आपलं आयुष्य आणि इतिहास जिथे एकमेकांना शिवतात तिथल्या खुणा आहेत. खुंटीला नेमकेपणा लागत नाही, घट्टपणा लागतो.

चंद्रयान-२ची माझी आठवणही अशीच चुकली. ७ सप्टेंबर २०१९ला पहाटे दोनच्या सुमारास, लँडर चंद्रापासून २.१ किलोमीटरवर असताना संपर्क तुटला. आमच्याकडे गौरी बसलेल्या होत्या, जागरण होतंच. पंतप्रधानांनी इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांना मिठी मारली ते दृश्य मी जागरणातच पाहिलं, अशी माझी खात्री होती. पण ती मिठी सकाळची, भाषणानंतरची, चांगलं उजाडल्यावरची. मेंदूने मधले पाच-सहा तास सरळ कापून दोन प्रसंग एकमेकांना शिवले. गोष्ट म्हणून तेच बरं दिसतं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे आठवणीवर विश्वासच ठेवायचा नाही का? तसं नाही. १९८९मध्ये कॅलिफोर्नियात भूकंप झाला. ज्यांनी तो स्वतः अंगावर घेतला, त्यांच्या आठवणी दीड वर्षानंतरही जवळजवळ अचूक होत्या. दूर अटलांटात ज्यांनी नुसती बातमी ऐकली, त्यांच्या ढासळल्या. किल्लारीच्या माणसाला ती पहाट आठवेल आणि मला चंद्रयानाची संध्याकाळ आठवणार नाही, यात नवल नाही. माझ्यावर काही कोसळलं नव्हतं, मी नुसती बघत होते.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी घेतल्या आणि दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. पडझड झाली ती मुख्यतः पहिल्या वर्षात. त्यानंतर चुकीची आवृत्ती एकदा बसली की लोक तीच सांगत राहिले. आणखी एक दिसलं. विमानं किती होती यासारख्या गोष्टी चुकल्या तर टीव्ही, पेपर, शेजारी दुरुस्त करत राहतात. पण तुम्ही त्या वेळी दिवाणावर होतात की पंक्चरच्या दुकानात, हे कोण दुरुस्त करणार?

स्वतःची आठवण ताडून बघायची असेल तर आता साधनं हाताशी आहेत. आधी जे आठवतं ते कागदावर लिहून काढा, मगच फोन उघडा, नाहीतर फोटो बघून ‘हे मला माहीतच होतं’ असं वाटायला लागतं. फोटोची वेळ, व्हॉट्सअॅपमध्ये त्या तारखेचे निरोप, युपीआयचा हिशोब. युपीआय फार निर्दय आहे. माझ्या हिशोबात २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून २१ मिनिटांनी शंभर रुपये गेलेले आहेत, पंक्चरचे.

फोटो घेऊन मी आईकडे गेले. तिने चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, घमेलं पाहिलं, वेळ पाहिली आणि फोन परत दिला.

“फोनची वेळ मागेपुढे होते गं कधीकधी,” ती म्हणाली. “तू इथेच होतीस. गॅस बंद कर म्हणून तूच तर ओरडलीस.”